पलंगावरचे चार दिवे

ता. २ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल सकाळी नऊ वाजता वायरमन शिडी घेऊन दारात आला आणि शिडी न टेकवताच परत निघाला. विचारले तर म्हणाला, धाकट्या मालकांचा फोन आला होता, काम करायचे नाही. त्या फोनमुळे हे पत्र लिहावे लागत आहे. मी फोन करत नाही. फोनवर तू मध्येच बोलतोस, मग मीही मध्येच बोलते आणि शेवटी कोण काय म्हणाले ते दोघांनाही आठवत नाही. कागदावर तुला माझे पूर्ण ऐकावे लागेल.

घर वडिलांनी दोघांच्या नावावर केले. तू धाकटा मालक असशील तर मी थोरली मालकीण आहे आणि गेली सव्वीस वर्षे इथे केर मीच काढते आहे. वायरमन माझा विद्यार्थी. प्रकाशाच्या प्रात्यक्षिकात मी त्याला दोनदा नापास केले आहे. तुझा फोन येऊनही उद्या तो येईल, कारण तुझ्यापेक्षा तो मला जास्त घाबरतो. पण चोरून काम करून घ्यायची मला सवय नाही, म्हणून तुला आधी सांगते.

मधल्या खोलीच्या छतात मी सहा दिवे बसवून घेणार आहे. लोंबते नाहीत, झुंबर नाही. खोट्या छतात गोल भोके पाडून आत बसणारे, नुसते तोंड दिसणारे. हौस म्हणून नव्हे. उजव्या डोळ्याचा मधला भाग पुसट झाला आहे, हे तुला ठाऊक आहे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना तू फोन केलास तेव्हा "गेले ते परत येणार नाही" एवढेच ऐकलेस आणि फोन ठेवलास. मी पुढचे विचारले. रफूचे काम बंद करू का, असे स्पष्ट विचारले. त्या म्हणाल्या, बंद कशाला, डावा डोळा चांगला आहे, उजेड चौपट घ्या आणि योग्य जागी घ्या. दर दोन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचे, म्हणजे आहे ते टिकेल.

मला आहे ते टिकवायचे आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे दुसऱ्यांना भिंगे लावून दिली, निवृत्तीनंतर अकरा वर्षे हे काम करते आहे. कॉलेजच्या फाटकासमोर बसणाऱ्या रफूगाराकडून दुपारच्या सुट्टीत शिकले, तेव्हाही तू नाक मुरडले होतेस. "ताई, लोकांचे फाटके?" असे म्हणाला होतास. हो, लोकांचे फाटके. धडक्या कपड्यांना माझी गरज नसते.

वायरमनला तूच फोन करून तुझा निरोप मागे घे. मी सोमवारपर्यंत थांबते.

सौ. वहिनीला आशीर्वाद. रागावले तरी माया करते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तेवढे ध्यानात असू दे.

तुझी,
ताई


ता. ८ फेब्रुवारी

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र आले. हिने ते आधी वाचले आणि बराच वेळ हसत होती, म्हणून मला आणखी राग आला. तो राग बाजूला ठेवून लिहितो.

मी काम न विचारता थांबवले, कारण तू आपणहून ते थांबवणार नव्हतीस आणि विचारले असते तरीही थांबवणार नव्हतीस. तू एकाहत्तर वर्षांची आहेस. एकटी राहतेस. डिसेंबरात मी आलो होतो तेव्हा खुंटीवरच्या रेनकोटला तू "या, बसा" म्हणालीस, मी माझ्या कानांनी ऐकले. त्याआधी वकिलांच्या निळ्या पँटला काळ्या धाग्याने रफू करून दिलेस आणि ते भर कचेरीत सगळ्यांना दिसले. हे मला वकिलांनीच सांगितले, हसत हसत. मला हसू आले नाही.

इथे तुझ्यासाठी खोली तयार आहे. खिडकी आहे, पलंग आहे, ट्यूबलाइट आहे. ते घर भाड्याने देऊ, चांगली माणसे बघून देऊ. तू इथे यावेस, आयते खावेस, हिच्याशी गप्पा माराव्यास. एवढी वर्षे डोळे वापरलेस, आता त्यांना निवृत्त कर. माणसाने कुठे थांबायचे हे कळायला हवे.

आणि एवढे सांगूनही छताला भोके पाडायचीच असतील, तर आधी नकाशा लागेल. चौतीस वर्षे पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होतो. आमच्याकडे नकाशाशिवाय एक तोटी बसली नाही. कागदावर मोजमापासकट नकाशा होऊन तो मला पसंत पडेपर्यंत वायरमन शिडी टेकवणार नाही. हे मी त्याला पुन्हा सांगितले आहे.

तब्येतीला जप. तुझा हट्ट कमी व्हावा आणि लोभ तेवढाच राहावा, इतकेच मागतो.

तुझा,
भाऊ


ता. १३ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रेनकोटला "या, बसा" म्हणाले हे खरे आहे. तो तुझ्यापेक्षा शांत बसला.

वकिलांच्या पँटबद्दल. ती चूक माझी, पण डोळ्याची नव्हे. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली मी काळी आणि गर्द निळी अशी दोन रिळे शेजारी ठेवली आणि शेजारच्या नर्सबाईंना विचारले. त्यांचे डोळे पस्तिशीचे आणि उत्तम. त्यांनी दोन्ही काळी सांगितली. सकाळी उन्हात मी दोन्ही बरोबर ओळखली. म्हणजे नापास बल्ब झाला, मी नाही. छतात जे दिवे यायचे आहेत ते दुपारच्या उजेडासारखे पांढरे आहेत, त्यांत निळे निळेच दिसते. मी दुकानात रिळे घेऊन जाऊन पाहिले. दुकानदार कंटाळला, मी नाही.

नकाशाची अट मला मान्य आहे. तू मला अडवायला ती घातलीस हेही कळले, पण अट चांगली आहे. नकाशा तूच काढ. मोजमापे मी देते, पितळी फुटपट्टीने दोनदा घेतली आहेत.

खोली उत्तर-दक्षिण चौदा फूट, पूर्व-पश्चिम अकरा. खिडकी उत्तरेच्या भिंतीत बरोबर मधोमध, दार दक्षिणेच्या भिंतीत बरोबर मधोमध. उंची दहा फूट. खोटे छत स्लॅबखाली सहा इंच घ्यायचे, कारण दिव्याचे धड चार इंचांचे आहे आणि त्याच्या डोक्यावर थोडी हवा खेळायला हवी, नाहीतर तो तापून लवकर मरतो. आत शिरल्यावर उजवीकडे, म्हणजे पूर्वेला, माझे टेबल. डावीकडे, पश्चिमेला, तुझा पलंग, तुझी ट्रंक आणि तुझा ड्रॉइंग बोर्ड, बाराही महिने झाकलेला.

दिवे कुठे, हे मी अंदाजाने ठरवलेले नाही. तीन संध्याकाळी प्रयोग केला. काठीच्या टोकाला दिवा बांधला, नर्सबाईंनी काठी धरली आणि मी टेबलावर पांढरे कापड पसरून सुई घेऊन बसले. दिवा डोक्यामागे नेला की माझ्याच डोक्याची सावली कामावर पडते. आजवर सगळ्या घरांत खोलीच्या मधोमध दिवा लावतात आणि सगळ्या बायका जन्मभर आपल्याच सावलीत शिवतात. अगदी समोर आणला की सुई चमकते आणि डोळा दिपतो. डावीकडून आणि किंचित पुढून आला की हाताची सावली उजवीकडे निघून जाते आणि एकेक धागा वेगळा दिसतो. सोळा ठिकाणी काठी धरून त्यातली चार ठिकाणे निवडली आहेत. सोबत यादी जोडते. उरलेले दोन दिवे नुसते वावरायला, एक दाराजवळ, एक कपाटाजवळ. चारांचे बटण वेगळे, दोनांचे वेगळे.

काठी धरून धरून नर्सबाईंचा खांदा भरून आला. त्या म्हणाल्या, ऑपरेशनला दिवा लावतात त्यालाही इतका विचार करत नसतील. मी म्हटले, तिथे रोगी झोपलेला असतो, इथे तो काम करणार आहे.

नकाशा लवकर पाठव. वहिनीला सांग, हसली ते चांगले केले. माया आहे तशी आहे, तू आणखी चार भांडणे काढलीस तरी ती झिजायची नाही.

तुझी,
ताई


ता. २४ फेब्रुवारी

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत नकाशा. प्रमाण एका फुटाला एक इंच. सहाही दिव्यांची केंद्रे दोन भिंतींपासून मोजून दिली आहेत. भोकाचा व्यास दिला आहे. तुझ्या यादीतला तिसरा दिवा दीड इंच सरकवला, कारण तो छताच्या पट्टीवर येत होता. बाकी तुझी मोजणी बिनचूक होती, हे लिहिणे भाग आहे.

यात टेबल, कपाट, पलंग काही दाखवलेले नाही. फर्निचर जमिनीवर असते. छताच्या नकाशात छतच येते. तुझ्या वायरमनला सांग की स्वतःची अक्कल चालवू नकोस, कागदावर आहे तिथेच भोक पाड. आमच्या खात्यात जेवढे पाणी वाया गेले, ते सगळे माणसांनी जागेवर अक्कल चालवल्यामुळे.

मी नकाशा दिला, याचा अर्थ मला पटले असा नाही. घर भाड्याने द्यायचेच आहे, दिवे असले तर भाडेकरू चांगला मिळेल, एवढाच विचार केला. इथली खोली तुझी वाट पाहते आहे.

एवढ्या सुबक नकाशाबद्दल तरी लोभ दोन बोटे वाढवावास.

तुझा,
भाऊ


ता. २५ फेब्रुवारी

ति. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

यांनी लिफाफा चिकटवला, म्हणून हे वेगळे लिहिते. उत्तर माझ्या नावाने पाठवू नका, तुमचे मागचे पत्र मी आधी वाचले तेव्हापासून टपाल हेच उघडतात.

तुमच्या नकाशापायी गेले आठ दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण झालेले नाही. आम्ही ताटे मांडीवर घेऊन जेवतो आहोत. निवृत्त झाल्यापासून मी यांना शीळ घालताना ऐकले नव्हते, ती या आठवड्यात ऐकली. तुमची यादी घेऊन बसले आणि म्हणाले, बाईने सोळा ठिकाणे मोजली आहेत, सोळा. तोंड असे केले होते की तक्रार आहे की कौतुक, ते मला कळले नाही.

तुम्ही इथे आलात तर मला आनंदच आहे. पण पाहुण्या म्हणून या, सामान म्हणून नको. एक सांगते, रागावू नका. यांना तुमच्या डोळ्याची काळजी आहे ती खरी. पण त्याखाली आणखी एक आहे. त्या खोलीतला पलंग. परवा म्हणाले, तो पलंग तिथे आहे तोवर ते माझे घर आहे, ती खोली तिच्या कामाची झाली की मी पाहुणा. मी म्हटले, तुम्ही गेल्या सात वर्षांत त्यावर पंधरा रात्रीही निजला नाहीत. तर माझ्याशी बोलायचे बंद झाले. दोन दिवस घरात फार शांतता होती, तशी बरी वाटली.

तुम्ही जे कराल ते ठामपणे करा. विचारत बसलात तर हे नाही म्हणतील. लोभाची आठवण करून द्यायला नको, तो तुमच्याकडून न मागता मिळतो.

तुमची,
वहिनी


ता. २२ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कामाची हकिगत कळवते. वाईट आहे, म्हणून सरळ लिहिते.

सोळाला मला इंजेक्शनसाठी जावे लागले. डोळ्यावर पट्टी होती म्हणून दोन दिवस नर्सबाईंकडे राहिले. छत आधीच चढले होते. भोके पाडून दिवे बसवायचे काम मी नसताना झाले. जाताना नकाशा वायरमनच्या हातात दिला आणि तुझाच निरोप त्याला दिला की अक्कल चालवू नकोस.

अठराला पट्टी काढून घरी आले. त्याने मोठ्या हौसेने बटण दाबले. चार दिवे लागले. तुझ्या पलंगावर.

पलंगपोसाची एकेक सुरकुती दिसत होती. सगळी तयारी झाली आहे आणि रोगीच आलेला नाही, असे ते दृश्य होते. टेबलाकडे मात्र तोच जुना अंधार. वायरमन नकाशा छातीशी धरून उभा. विचारले, अरे, टेबल या बाजूला आहे हे डोळ्यांना दिसले नाही का? म्हणाला, दिसले, दोनदा मनातही आले, पण बाई, अक्कल चालवू नकोस असे तुम्हीच म्हणाला होतात. प्रात्यक्षिकात तो असे सांगितलेले कधी ऐकत नसे, म्हणूनच नापास झाला होता.

त्याची मोजणी तपासली. एकही इंच चुकलेला नाही. मग नकाशा तपासला. तोही चुकलेला नाही. तरी दिवे खोलीच्या भलत्या अंगाला. तासभर डोके खाजवले. शेवटी पाय दुखले म्हणून तुझ्या पलंगावर आडवी झाले आणि निजल्या निजल्या नकाशा दोन्ही हातांनी डोळ्यांवर धरला. तत्क्षणी जुळला. टेबलासाठीचे चारही दिवे बरोबर टेबलाच्या बाजूला आले. तू नकाशा निजून वर पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्याने काढला आहेस. वायरमनने तो सगळ्या जगासारखा उभ्याने, जमिनीच्या नकाशासारखा वाचला. खिडकी मधोमध, दार मधोमध, पूर्व-पश्चिम कुठे लिहिलेली नाही, त्यामुळे उजवे-डावे उलटले तरी कागदावर काही खटकले नाही.

हे असे का केलेस ते कळव. रागावलेली नाही, पण उत्तर हवे आहे. माया तहकूब केलेली नाही.

तुझी,
ताई


ता. २८ मार्च

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

असे केले, कारण तसेच करतात. निदान आमच्या खात्यात. पाण्याच्या टाकीचा तळ काढायचा तर खालून दिसतो तसाच काढायचा, कारण नळ जोडणारा माणूस खाली उभा राहून वर पाहत असतो. चौतीस वर्षांत कोणाचा गोंधळ झाला नाही. शिवाय नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, मी टीप लिहिली आहे. "खालून पाहिल्याप्रमाणे". कागद घे आणि बघ.

वायरमनने ती वाचली नाही याचे मला नवल नाही. तो वाचणाऱ्यांतला नाही. पण ताई, तू वाचणाऱ्यांतली आहेस. मुलांच्या प्रयोगवहीत राहिलेला पूर्णविराम तू पाठकोऱ्या पानावरून ओळखायचीस. माझ्या प्रत्येक नकाशात तू खुसपट काढले आहेस. हा नकाशा तुझ्याकडे तीन आठवडे होता आणि ती ओळ तुला दिसली नाही.

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. या वेळी नाही. तुझे पत्र वाचून मी हसायला हवे होते, ही हसलीसुद्धा. मला मात्र घाम फुटला. आज चार दिवे चुकले, उद्या गॅसचे बटण चुकेल, परवा पायरी.

आता ऐक. भोके बुजवून घे. तीस एप्रिलला मी गाडी घेऊन येतो. तुझे कपडे, पुस्तके, तुझी रिळेसुद्धा आणू. भाडेकरू पाहून ठेवला आहे, नवरा-बायको दोघे शिक्षक आहेत, एक मेपासून येतील. त्यांना शब्द दिला आहे.

कठोर वाटेल. पण कठोरपणा तुझ्याकडूनच शिकलो. लोभ असेल तर या वेळी माझे ऐकून दाखव.

तुझा,
भाऊ


ता. ५ एप्रिल

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

ती ओळ मला दिसली नाही. तू आणखी चार वेळा लिहिण्याआधी मीच लिहून टाकते. नकाशा आला त्या संध्याकाळी मी तो जुन्या बल्बखाली भिंग घेऊन तपासला आणि ती ओळ मला दिसली नाही. मोहरीएवढी अक्षरे आहेत, हे कारण मी देत नाही. दिसली नाही म्हणजे नाही.

तुझे पत्र आल्यावर मी तो कागद पुन्हा घेतला. तुझ्या पलंगावर बसले, चार दिवे लावले आणि भिंगाशिवाय पाहिला. "खालून पाहिल्याप्रमाणे". वाचली. त्याच्या खाली, त्याहून बारीक अक्षरांत, तुझी सही आणि तारीख आहे, तीही वाचली. तारखेतला दोन तू आधी तीन लिहिला होतास आणि ब्लेडने खरवडून दोन केलास, तेही दिसले. चांगले खरवडले आहेस, पण कागदाची लव उठली आहे. डोळा तोच आहे, कागद तोच आहे, सही करणारा गृहस्थही तोच. मध्ये बदलले काय ते तूच सांग. तुला गाडी आणायचे कारण मिळाले, तसे मला न येण्याचे मिळाले आणि ते तुझ्याच कागदावर मिळाले.

भोके बुजवणार नाही. वायरमनने बुजवून दाखवतो म्हटले होते, एक तुकडा लावूनही दाखवला. कडा दिसते. कितीही रंग दिला तरी ठिगळ दिसणार. मी रफू करणारी बाई. माझ्याच डोक्यावर ठिगळ घेऊन मी बसणार नाही.

दिवे टेबलाकडे येत नाहीत, तर टेबल दिव्यांकडे जाईल. मी मोजून पाहिले आहे. टेबल आडवे केले आणि पाठ पश्चिमेच्या भिंतीला लावून पूर्वेकडे तोंड करून बसले, की चारही दिवे पुन्हा माझ्या डावीकडून, किंचित पुढून येतात. खिडकीसुद्धा डाव्या हाताला येते, ती आधी समोर होती. म्हणजे तुझ्या चुकीने माझी मूळ योजना सुधारली. हे लिहायला मला फार जड जाते आहे, म्हणून एकदाच लिहिते.

त्यासाठी पश्चिमेचा कोपरा रिकामा हवा. पलंग, ट्रंक, बोर्ड. तीसला तू गाडी घेऊन येतोसच, तर ती रिकामी नेऊ नकोस.

पलंग हलला की तू या घरात पाहुणा होशील, असे तुला वाटते. कोणी सांगितले ते विचारू नकोस, मी तुला तू जन्मल्यापासून ओळखते. घर तुझे आहे ते वडिलांच्या सहीमुळे. पलंगाने ते तुझे होत असते तर ढेकणांचाही हक्क लागला असता. तू आलास की पुढच्या खोलीत निजशील, तिथला पंखा आवाज करत नाही. पण मधली खोली सात वर्षे तुझी वाट पाहत उगीच अंधारात राहिली. आता तिथे माणूस काम करणार आहे. शिक्षक दांपत्याला तसे कळव. शब्द तू दिलास, तो परत घ्यायचा अवघडपणाही तूच सोस.

ट्रंक उघडली. खालच्या थरात तुझा पहिल्या नोकरीचा राखाडी कोट निघाला. कसरीने खाल्ला आहे. पाठीवर तीन, डाव्या बाहीवर दोन, कॉलरखाली एक, खिशाशी एक, अशी सात भोके. काय करायचे ते कळव.

माया नेहमीची. त्यात सूट नाही आणि कपातही नाही.

तुझी,
ताई


ता. १२ एप्रिल

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र तीनदा वाचले. खरवडलेला तीन तुला दिसला, हे मला हिच्यासमोर कबूल करावे लागले. हिने तेव्हापासून मला दोन पोळ्या जास्त वाढायला सुरुवात केली आहे, का ते सांगत नाही.

तरी माझे म्हणणे मी सोडलेले नाही. एक ओळ वाचणे वेगळे आणि दिवसभर सुई चालवणे वेगळे. कोटाचे विचारलेस. तो गेलाच समज, पायपुसणे कर. कसरीने खाल्लेले परत येत नाही. नाहीतर असे कर. तुला इतकी खात्री असेल तर तो कोट दुरुस्त करून ठेव. मी स्वतः तपासेन. सातांपैकी एक जरी भोक मला सापडले, तरी हट्ट सोडायचा आणि माझ्याबरोबर गाडीत बसायचे. एकही सापडले नाही तर मी पलंग उचलतो आणि पुन्हा हा विषय काढत नाही. शिक्षकांना तीसपर्यंत थांबवून ठेवले आहे.

तीसला सकाळी पोहोचतो. मोजायची टेप आणतो आहे. लोभ कोणाचा किती, ते त्या दिवशी कळेल.

तुझा,
भाऊ


ता. ३० एप्रिल

हवाली केलेल्या वस्तूंची नोंद

आज सकाळी अकरा वाजता मधल्या खोलीतून माझ्या धाकट्या भावाच्या हवाली केले ते असे.

पलंग सागवानी, सुटा करून, पाच भागांत. बोल्ट आठ, कापडी पिशवीत. गादी एक, उशा दोन.

ड्रॉइंग बोर्ड एक, पायांसकट. टी-स्क्वेअर एक, टोकाला टवका उडालेला. तो टवका पूर्वीचा आहे.

पत्र्याची ट्रंक एक. आत जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या एकोणीस, कंपासपेटी एक, शाईच्या वाळलेल्या बाटल्या चार. बाटल्या टाकून द्याव्यात असे सुचवले; त्याने ऐकले नाही.

राखाडी कोट एक, पुरुषी. कसरीची भोके सात, सातही बुजवली. धागा कोटाच्याच आतल्या शिवणीतून काढून वापरला. काम चार दिव्यांखाली, सहा दिवसांत. पैज मी मान्य केलेली नव्हती. तपासणीला हरकत घेतली नाही.

छताचा नकाशा दिलेला नाही. तो खोलीत राहील.

देणार: थोरली बहीण.

वरील सर्व वस्तू मिळाल्या. कोट दारात, खिडकीत आणि चार दिव्यांखाली बोटाने व भिंगाने तपासला. पाठीवर एक जागा सापडली असे वाटले होते. ती शिंप्याची मूळ शिवण निघाली. शिक्षकांना इथूनच फोन केला. गाडीतली पुढची सीट रिकामी नेत आहे.

घेणार: धाकटा भाऊ.